सोनोग्राफी बघून फ्लुइड: बोलस कधी, किती आणि कुठे थांबायचं

"आयव्हीसी कोलॅप्स होतेय, अजून ५०० सोडा." रात्रीच्या आयसीयू ड्यूटीला हे वाक्य इतक्या सहजी म्हटलं जातं की त्यातली गफलत कुणाच्या ध्यानात येत नाही. आयव्हीसी (शरीराच्या खालच्या भागातलं रक्त हृदयाकडे आणणारी मोठी शीर) बारीक दिसली म्हणजे राइट एट्रियममधला दाब बहुधा कमी आहे, इतकंच कळलं. फ्लुइड दिल्यावर हृदय जास्त रक्त पुढे ढकलेल की नाही, ते त्यातून कळत नाही. आणि ढकललं तरी पेशंटला त्याची गरज होती का, हा तर आणखी वेगळा प्रश्न.

हे तीन प्रश्न एकमेकांत मिसळू दिले नाहीत तर बेडसाइड सोनोग्राफी खरी कामाला येते. फ्लुइडने स्ट्रोक व्हॉल्यूम (एका ठोक्यात हृदय ढकलतं तेवढं रक्त) वाढेल का, याचं उत्तर व्हीटीआय देतो, म्हणजे त्या ठोक्याचं डॉप्लरवरचं मोजमाप. ते फ्लुइड फुप्फुसांना आणि शिरांना सोसेल का, हे बी-लाइन्स (फुप्फुस ओलं झालं की दिसणाऱ्या उभ्या रेघा) आणि शिरांचा डॉप्लर सांगतात. गरज आहे का, हे ठरवताना मात्र प्रोब बाजूला ठेवून पेशंटकडे बघायचं: कॅपिलरी रिफिल, गुडघ्यांवरचे जांभळट चट्टे, लॅक्टेट, युरिन, शुद्ध. धडधाकट माणसाला झोपवून पाय वर केले तरी त्याचा स्ट्रोक व्हॉल्यूम वाढतो, म्हणून कोणी त्याला सलाईन लावत नाही.

सरसकट नियमाने हे काम का भागत नाही, ते गेल्या काही वर्षांच्या ट्रायल्सनी दाखवलं आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या फीस्ट ट्रायलमध्ये युगांडा, केनिया आणि टांझानियातल्या तापाने अत्यवस्थ मुलांना बोलस (थोड्या वेळात झटकन दिलेलं फ्लुइड) दिले, तर बोलस न दिलेल्या मुलांपेक्षा मृत्यू जास्त झाले. मोठ्यांच्या सेप्टिक शॉकमध्ये २०२२ ची क्लासिक आणि सेप्सिसमुळे बीपी पडलेल्यांमध्ये २०२३ ची क्लोव्हर्स, दोन्हींत कमी फ्लुइडचा गट आणि नेहमीसारखं किंवा सढळ फ्लुइड मिळालेला गट यांच्या मृत्यूंमध्ये फरक पडला नाही. म्हणजे सगळ्यांना जास्त किंवा सगळ्यांना कमी, असा तोडगा नाही. सर्व्हायव्हिंग सेप्सिसची २०२१ ची शिफारस पहिल्या ३ तासांत किमान ३० मिली प्रति किलो सांगते, ६० किलोच्या माणसाला १८०० मिली. पण ही शिफारस त्यांनीच 'कमकुवत' गटात ठेवली आहे आणि त्यापुढचं फ्लुइड डायनॅमिक मोजमापं (पाय वर केल्यावर किंवा थोडं फ्लुइड दिल्यावर काय बदलतं ते) बघून द्या असंही म्हटलं आहे. सोनोग्राफीचा खरा उपयोग या 'त्यापुढच्या' फ्लुइडसाठी.

पुढचं सगळं मोठ्या माणसांपुरतं आहे. आणि पेशंट डोळ्यांसमोर कोसळत असेल तर आधी पहिला बोलस चालू करा, नॉरॲड (नॉरॲड्रेनलिन, रक्तवाहिन्या आवळणारं औषध) चालू करा, मग मशीन ओढा. व्ह्यू मिळेपर्यंत शॉक थांबून राहत नाही.

आधी हृदयाकडे एक नजर

आकडे मोजायच्या आधी दोन मिनिटं नुसतं बघा. कार्डियाक प्रोब, शक्य असेल तर मशीनच्या ईसीजी लीड्स लावलेल्या. पॅरास्टर्नल, एपिकल, सबकॉस्टल. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला बहुतेक वेळा सबकॉस्टलच हाती लागतो, तो आधी घ्या.

इथे शोधायची ती फ्लुइडचा हिशोबच बदलून टाकणारी कारणं. एलव्ही (डावा व्हेंट्रिकल) जेमतेम हलतोय का? आरव्ही (उजवा व्हेंट्रिकल) एलव्हीएवढा किंवा मोठा दिसतोय आणि सेप्टम (दोघांमधला पडदा) डाव्या बाजूला चपटं झालंय का? तसं असेल तर पल्मनरी एम्बोलिझम किंवा आरव्ही फेल्युअरचा विचार करा; अशा आरव्हीत फ्लुइड ओतलं की तो आणखी फुगतो, सेप्टम आणखी ढकललं जातं आणि बीपी वर जायच्या ऐवजी खाली येतं. हृदयाभोवती पाणी आणि राइट एट्रियम आत दबतंय? टॅम्पोनाड. तिथे फ्लुइड म्हणजे सुई टाकेपर्यंतची तात्पुरती टेकू.

एक चित्र हमखास निसटतं. जुन्या ब्लडप्रेशरवाल्या आजी, जाड एलव्ही, सेप्सिस, कोरडं पडलेलं शरीर. एलव्ही जोरात आवळतोय, आतल्या भिंती सिस्टोलमध्ये एकमेकींना टेकतायत आणि मायट्रल व्हॉल्व्हचं पुढचं पान आउटफ्लो ट्रॅक्टमध्ये ओढलं जातंय. डॉप्लरवर शेवटी उंच जाणारा, खंजिरासारखा आकार येतो. बीपी कमी म्हणून डोब्युटामिन (इनोट्रोप, म्हणजे हृदयाचा जोर वाढवणारं औषध) चालू केलं तर अडथळा वाढतो. इथे फ्लुइड द्यायचं, डोब्युटामिन बंद, प्रेसर (बीपी वाढवणारं औषध) लागलंच तर इनोट्रोपिक जोर कमी असलेलं.

आयव्हीसी: उपयोग आहे, पण मर्यादित

सबकॉस्टल फोर चेंबरमध्ये राइट एट्रियम मधोमध आणा आणि प्रोब तिथेच ठेवून मार्कर पेशंटच्या डोक्याकडे येईल असा ९० अंश फिरवा. आयव्हीसी लांबीत उघडते. ती खरंच आयव्हीसी आहे ना, हे दरवेळी पाहा: लिव्हरमधून जाते, हिपॅटिक व्हेन तिला मिळते आणि ती राइट एट्रियममध्ये शिरते. मिड-लाइनच्या जरा डावीकडे घसरलात तर एओर्टा दिसतो, त्याची भिंत जाड असते आणि तो एट्रियममध्ये शिरत नाही. ऐकायला हास्यास्पद वाटेल, पण घाईत एओर्टा मोजून 'आयव्हीसी भरलेली, कोलॅप्स नाही' अशी नोंद होते.

हिपॅटिक व्हेन मिळते त्याच्या जरा खाली, एट्रियमच्या तोंडापासून साधारण २ सेंमीवर, भिंतींना काटकोनात मोजा. स्वतः श्वास घेणाऱ्या पेशंटमध्ये व्यास २.१ सेंमीच्या आत आणि हलकं हुंगायला सांगितल्यावर अर्ध्याहून जास्त आवळत असेल तर राइट एट्रियमचा दाब ३ च्या आसपास धरतात. २.१ च्या वर आणि अर्ध्याहून कमी आवळत असेल तर १५ च्या आसपास. यातलं एकच लागू पडलं तर ८.

व्हेंटिलेटरवर सगळं उलटं होतं. मशीनने हवा आत ढकलली की आयव्हीसी फुगते. सर्वांत मोठ्या व्यासातून सर्वांत छोटा वजा करून छोट्याने भागायचं, १८ टक्क्यांच्या वर गेलं तर फ्लुइडला प्रतिसाद मिळण्याची शक्यता जास्त. पण हा आकडा ज्या पेशंट्सवर काढला ते पूर्ण गाढ सिडेटेड होते, स्वतःचा एकही श्वास नव्हता आणि टायडल व्हॉल्यूम (एका श्वासातली हवा) ८ मिली प्रति किलो किंवा त्याहून जास्त होता. आपला पेशंट ६ मिलीवर आहे आणि मधूनमधून स्वतःचा श्वास ट्रिगर करतोय. म्हणजे आकडा काढायचाच असेल तर काढा, त्यावर बोलस ठरवू नका.

चुका तीनच आहेत, पण रोजच्या. प्रोब पोटावर जोरात दाबला की शीर प्रोबखालीच चपटी होते. बीम शिरेच्या मधोमध न जाता कडेने गेला तर २ सेंमीची शीर १.३ दिसते, म्हणून प्रोब आडवा फिरवून गोल काप एकदा बघा. आणि श्वासाबरोबर लिव्हर खालीवर सरकतं तेव्हा एम-मोडची (एकाच रेघेवरची हालचाल दाखवणारा मोड) रेघ तिथेच राहते, शीर तिच्याखालून निघून जाते आणि नसलेला कोलॅप्स दिसतो. एम-मोडवर भरवसा ठेवण्यापेक्षा चार-पाच श्वासांचा क्लिप घेऊन तो फ्रेम-फ्रेमने बघणं जास्त खात्रीचं. पोटावर ड्रेसिंग असेल तर उजव्या मिड-ॲक्सिलरी बाजूने लिव्हरमधून मोजता येते, पण मग पुढच्या वेळीही तिथूनच मोजा. दोन खिडक्यांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत.

एवढं सगळं करून आयव्हीसीकडून काय घ्यायचं? दोन टोकं. अगदी बारीक आणि पूर्ण मिटणारी असेल, हृदय धावत असेल आणि पेशंटचा इतिहास जुळत असेल, जसं तीन दिवसांचे जुलाब, तर फ्लुइड द्यायला हरकत नाही. फुगलेली आणि ढिम्म असेल तर फ्लुइड द्यायच्या आधी कारण शोधा: आरव्ही, टॅम्पोनाड, ट्रायकस्पिड रिगर्जिटेशन, जास्त पीप (श्वास सोडल्यावरही व्हेंटिलेटर फुप्फुसात ठेवतो तो दाब). बहुसंख्य पेशंट या दोन्हींच्या मध्ये असतात आणि तिथे आयव्हीसी मुकी आहे. पोटातला दाब वाढला असेल तर ती भरलेल्या पेशंटमध्येही बारीक दिसते.

व्हीटीआय: खरी मेहनत इथे

एलव्ही आउटफ्लो ट्रॅक्टमधून एका ठोक्यात रक्ताचा स्तंभ किती सेंमी पुढे सरकला, तो हा आकडा. एपिकल फोर चेंबर घ्या. डाव्या कुशीवर वळवता येत नसेल तर डाव्या पाठीखाली घडी घातलेला टॉवेल किंवा पातळ उशी सरकवा, एवढ्यानेही खिडकी उघडते. मग प्रोबची शेपूट बेडकडे जराशी झुकवा. बीम पुढे जातो आणि एओर्टिक व्हॉल्व्ह मधोमध येतो. हा फाइव्ह चेंबर. तो नीट येत नसेल तर प्रोब फिरवून थ्री चेंबर घ्या, चालतो.

पल्स वेव्ह डॉप्लरचा गेट व्हॉल्व्हच्या अर्धा ते एक सेंमी आत, एलव्हीच्या बाजूला ठेवा. रक्ताचा प्रवाह आणि कर्सर यांच्यातला कोन २० अंशांच्या आत. जागा बरोबर आहे की नाही हे ट्रेसच सांगतो: व्हॉल्व्ह बंद होतानाची बारीक उभी रेघ शेवटी दिसते, उघडतानाची दिसत नाही, आणि लाटेची कड ठळक व आत पोकळ असते. आत सगळं भरलेलं, झाडूसारखं दिसत असेल तर गेट व्हॉल्व्हमध्ये गेलाय, मागे घ्या. स्पीड ५० ते १०० मिमी प्रति सेकंद, स्केल असं की लाट पडद्याचा दोनतृतीयांश भाग भरेल. ठळक कडेवरून ट्रेस करा, भोवतीची धूसर झालर सोडून द्या.

सायनस ऱ्हिदममध्ये ३ ते ५ ठोक्यांची सरासरी. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये किमान ५, जमल्यास १० ठोके. व्हेंटिलेटरवर श्वासागणिक व्हीटीआय बदलतो, तेव्हा एका पूर्ण श्वासचक्रातले ठोके धरा. यातलं काही पाळलं नाही तर एकाच पेशंटवर दोन मिनिटांच्या अंतराने १० टक्के फरक निव्वळ हाताने पडतो आणि आपण त्याला फ्लुइडचा गुण समजतो.

साधारण १८ ते २२ सेंमी नॉर्मल. आता या आकड्याचा वापर. बीपी ८०/४० आणि व्हीटीआय २४, हृदय जोरात, हातपाय गरम: स्ट्रोक व्हॉल्यूम पुरेसा आहे, रक्तवाहिन्या सैल पडल्या आहेत. इथे नॉरॲड वाढवा, बोलसचा मोह टाळा. व्हीटीआय ११ आणि एलव्ही आजारी: इनोट्रोप. व्हीटीआय ११, एलव्ही छोटा आणि धावणारा: इथे फ्लुइड काम करण्याची आशा आहे, पुढची पायरी त्यासाठीच.

आउटफ्लो ट्रॅक्टचा व्यास मोजून स्ट्रोक व्हॉल्यूम मिलीमध्ये काढता येतो. व्यास २ सेंमी असेल तर क्षेत्रफळ ३.१४, व्हीटीआय १४ असेल तर स्ट्रोक व्हॉल्यूम ४४ मिली, नाडी ११८ असेल तर मिनिटाला साधारण ५.२ लिटर. पण व्यासाचा वर्ग होतो, त्यामुळे २.० च्या जागी १.८ मोजला की उत्तर १९ टक्क्यांनी घसरतं. आपल्याला आधी आणि नंतरची तुलना हवी आहे आणि व्यास तर पाच मिनिटांत बदलत नाही. म्हणून बेडसाइडला नुसता व्हीटीआय बघा. व्यास एकदाच मोजून फाइलमध्ये लिहून ठेवा.

पाय वर, किंवा १०० मिली

पॅसिव्ह लेग रेझ म्हणजे पायांतलं आणि पोटातलं सुमारे ३०० मिली रक्त हृदयाकडे पाठवून बघायचं, फ्लुइडचा एकही थेंब न देता. पटलं नाही तर पाय खाली, सगळं जागेवर. पण ती नीट केली तरच उपयोग.

१. पेशंट ४५ अंश डोकं वर करून बसता. सक्शन, ड्रेसिंग, कुशी बदलणं आधीच उरका. सरासरी व्हीटीआय घ्या आणि प्रोबची जागा छातीवर पेनाने आखा.

२. पूर्ण बेड कलवा: धड सपाट आणि पाय ४५ अंश वर, एकाच हालचालीत. पाय हाताने उचलू नका. दुखलं, खोकला आला, पेशंट घाबरला की नाडी वाढते आणि टेस्ट फसते. नाडी बरीच वाढली तर निकालावर विसंबू नका.

३. ३० ते ९० सेकंदांत व्हीटीआय पुन्हा. परिणाम एका मिनिटाच्या आसपास शिगेला पोचतो आणि मग ओसरतो. पाच मिनिटांनी मोजलेल्याला अर्थ नाही.

४. बेड मूळ जागी. व्हीटीआय परत पहिल्या आकड्याजवळ आला पाहिजे. आला नाही तर मधल्या वेळात दुसरंच काही बदललंय.

व्हीटीआय १० ते १५ टक्क्यांनी वाढला तर प्रतिसाद आहे. १४ चा १७ झाला म्हणजे २१ टक्के, शंका नाही. १६ चा १७ हे हाताचं कंपन आहे. बीपी वाढलं की नाही यावर ही टेस्ट वाचू नका.

मेंदूतला दाब वाढलेला, पेल्व्हिसचं फ्रॅक्चर, पाय कापलेला, पोट ताठ आणि पोटातला दाब जास्त, पायांना घट्ट स्टॉकिंग्ज: या सगळ्यांत लेग रेझ एक तर धोक्याची किंवा खोटी. शिवाय तालुक्याच्या बऱ्याच रुग्णालयांत हँडल फिरवून वरखाली होणारे बेड असतात. त्यांचं पाठीचं हँडल वेगळं, गुडघ्याचं वेगळं. दोन ब्रदर दोन हँडलं फिरवेपर्यंत मिनिट जातं आणि पाय सरळ वर जातच नाहीत, गुडघे तेवढे वाकतात. अशा बेडवर लेग रेझचा हट्ट सोडून मिनी बोलस करा.

मिनी बोलस म्हणजे १०० मिली क्रिस्टलॉइड एका मिनिटात. ५० च्या दोन सिरिंज आरएलने (रिंगर लॅक्टेट) भरून ठेवा, व्हीटीआय घ्या, एकाने सिरिंज रेटायच्या आणि दुसऱ्याने प्रोब हलवू न देता लगेच व्हीटीआय मोजायचा. हिरवा १८ गेज किंवा त्याहून जाड कॅन्युला हवा. मनगटावरच्या गुलाबी २० गेजमधून, थ्री-वेच्या लांब एक्स्टेंशनसकट, एवढ्या वेगाने जात नाही. ते तीन-चार मिनिटं रेंगाळलं की टेस्ट राहत नाही, नुसतं १०० मिली जातं. आणि त्याच लाइनवर नॉरॲड चालू असेल तर तिथून ढकलू नका, नळीतलं नॉरॲड एका झटक्यात आत जाईल आणि बीपीचा कडेलोट वरच्या दिशेने होईल. १० टक्क्यांहून जास्त वाढ दिसली तर उरलेलं १५० मिली द्या.

पूर्ण बोलस २५० मिली किंवा ४ मिली प्रति किलो, १० ते १५ मिनिटांत. संपल्याबरोबर व्हीटीआय, अर्ध्या तासाने पुन्हा. क्रिस्टलॉइडचा परिणाम बऱ्याचदा तासाभरातच विरतो. दर वेळी वाढ आणि दर वेळी ओसरणं असं दोनदा झालं तर तिसऱ्या बोलसपेक्षा नॉरॲड वाढवणं शहाणपणाचं: सैल शिरा आवळल्या की आत आहे तेच रक्त हृदयाकडे येतं.

फुप्फुसं

हे सगळ्यांत सोपं आणि सगळ्यांत जास्त विसरलं जाणारं. कर्व्हिलिनिअर किंवा कार्डियाक प्रोब, खोली १२ सेंमीच्या आसपास, चित्र गुळगुळीत करणारे फिल्टर बंद. ते चालू राहिले तर बी-लाइन्स पुसट होतात. प्रत्येक बाजूला चार जागा: पुढे वर, पुढे खाली, बाजूला वर, बाजूला खाली. एका बरगडी-फटीत ३ किंवा जास्त बी-लाइन्स म्हणजे ती जागा ओली.

बोलस द्यायच्या आधी आठही जागा बघा आणि लिहा. न्यूमोनियाच्या पेशंटला एका बाजूला बी-लाइन्स आधीपासून असतातच. आधी लिहिलं नसेल तर नंतर दिसलेल्या फ्लुइडच्या की जुन्या, हे कुणालाच सांगता येणार नाही. आधी ए-लाइन्स (कोरड्या फुप्फुसाच्या आडव्या रेघा) असलेल्या पुढच्या जागांवर नव्याने बी-लाइन्स आल्या तर फ्लुइड थांबवा, मग व्हीटीआय वाढत असला तरी. फुप्फुसांच्या सोनोग्राफीचे तज्ज्ञ लिश्टेनस्टाइन यांच्या फॉल्स प्रोटोकॉलचा गाभा हाच: ए चा बी झाला की हात आखडा.

दोन्हीकडे सारख्या बी-लाइन्स, प्लुरा (फुप्फुसावरचं आवरण) बारीक आणि सरळ असेल तर ते हृदयाचं पाणी असण्याची शक्यता जास्त. प्लुरा खडबडीत, मध्ये मध्ये कोरडे पट्टे आणि प्लुरालगत छोटे घट्ट ठिपके दिसले तर एआरडीएस (फुप्फुसांची तीव्र सूज). तिथे बी-लाइन्स मोजून फ्लुइड काढत बसू नका, त्या लवकर जाणार नाहीत.

शिरांचा डॉप्लर, आणि पाणी काढणं

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी क्रिएटिनिन वाढतं आणि राउंडला कोणीतरी म्हणतं, "किडनी कोरडी आहे, फ्लुइड द्या." पुष्कळदा किडनी मागून तुंबलेली असते. ते बघायला व्हेक्सस (शिरा किती तुंबल्यात याची डॉप्लरवरून काढलेली ग्रेड) आहे, २०२० पासून वापरात आलेली पद्धत.

आयव्हीसी २ सेंमीच्या आत असेल तर ग्रेड ०, पुढे जायची गरज नाही. २ किंवा जास्त असेल तर तीन शिरा बघा. हिपॅटिक व्हेनमध्ये एस लाट (हृदय आवळतानाची) एरवी डी पेक्षा (सैल पडतानाची) मोठी असते. छोटी झाली तर सौम्य बिघाड, उलटी फिरली तर गंभीर. एस कुठली हे ईसीजीशिवाय छातीठोक सांगता येत नाही, म्हणून लीड्स लावाच. पोर्टल व्हेन उजव्या बाजूने बरगड्यांमधून सापडते: सर्वांत जास्त वेगातून सर्वांत कमी वजा, जास्तने भागून शंभराने गुणा. ३० टक्क्यांच्या आत ठीक, ३० ते ५० सौम्य, त्यावर गंभीर. वेग ३० आणि १२ आले तर ६० टक्के, गंभीर. किडनीच्या आतल्या शिरेत प्रवाह सलग असायला हवा. दोन तुकड्यांत आला तर सौम्य, फक्त डायस्टोलमध्ये उरला तर गंभीर. यासाठी डॉप्लरचं स्केल खाली आणा, २० सेंमी प्रति सेकंदाच्या आसपास, नाहीतर शीर दिसणारच नाही. गंभीर एकही नाही तर ग्रेड १, एक असेल तर २, दोन किंवा तीन असतील तर ३.

फसवणारे: ट्रायकस्पिड रिगर्जिटेशनमध्ये हिपॅटिक व्हेन उलटी फिरते, सिरॉसिसमध्ये तुंबूनही पोर्टल शांत दिसते, आणि बारीक चणीच्या तरुणांमध्ये काही नसताना पोर्टल नाचते. म्हणून एका शिरेवर निकाल देऊ नका.

ग्रेड २-३ असेल आणि नॉरॲड उतरत असेल तर फ्लुइड बंद, मेंटेनन्ससुद्धा आखडतं घ्या. अँटिबायोटिक, सिडेशन, पोटॅशियम सगळं १०० मिलीत पातळ करून दिवसाला लिटरभर सहज जातं, कुणाच्या हिशोबात न येता. मग फ्रुसेमाइड चालू करा आणि दुसऱ्या दिवशी त्याच शिरा, त्याच बी-लाइन्स पुन्हा बघा. पोर्टलचा आकडा उतरतोय, युरिन वाढतंय, व्हीटीआय टिकून आहे, तोवर काढत राहायला हरकत नाही. व्हीटीआय घसरू लागला की थांबा.

पावसाळ्यात: डेंग्यू शॉक

जुलै ते ऑक्टोबर महाराष्ट्रातल्या आयसीयूंत हे पेशंट येतातच आणि सेप्सिसची सवय इथे अंगाशी येते. ताप उतरतो, घरचे सुटकेचा श्वास सोडतात आणि नेमका तेव्हाच प्लाझ्मा गळू लागतो. गळती साधारण २४ ते ४८ तास चालते. तितक्याच काळापुरतं फ्लुइड हवं, आणि बेताने, कारण दिलेलं बरंचसं गळूनच जाणार.

गळती सुरू झाली हे सोनोग्राफीवर लवकर कळतं: पित्ताशयाची भिंत ३ मिमीपेक्षा जाड, उजव्या प्लुरात पाण्याची पट्टी, लिव्हर आणि किडनीच्या मध्ये काळी रेघ. पित्ताशय उपाशीपोटी बघा. नुकतंच खाल्लं असेल तर ते आवळलेलं असतं आणि भिंत उगाच जाड दिसते. पल्स प्रेशर (वरच्या आणि खालच्या बीपीतला फरक) २० किंवा कमी, हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण) चढलेलं, आयव्हीसी मिटणारी, हृदय छोटं आणि धावणारं: हा भरपाईच्या अवस्थेतला (वरचं बीपी अजून टिकून असलेला) शॉक. पहिला तास ५ ते १० मिली प्रति किलो, म्हणजे ६० किलोला ३०० ते ६०० मिली. सुधारला तर १-२ तास ताशी ५ ते ७ मिली प्रति किलो, पुढे २-४ तास ३ ते ५, मग २ ते ३. दर टप्प्याला हिमॅटोक्रिट आणि व्हीटीआय दोन्ही. हृदय आळसावलेलं दिसलं तर मायोकार्डायटिस डोक्यात ठेवा आणि फ्लुइडचा वेग तिथेच कमी करा.

हिमॅटोक्रिट उतरलं आणि पेशंट बिघडतोय, तर रक्तस्राव शोधा, पोटातली काळी जागा कालपेक्षा वाढली आहे का आणि त्यात धूसर ठिपके तरंगतायत का ते बघा, आणि रक्त मागवा. हिमॅटोक्रिट उतरलं आणि पेशंट सुधारतोय, नाडी भरदार, आयव्हीसी रुंदावतेय, युरिन वाढतंय, तर गळालेलं पाणी परत रक्तात येतंय. याच वेळी प्लुरात पाणी सर्वांत जास्त दिसतं, त्यामुळे नवखा डॉक्टर घाबरतो. फ्लुइड बंद करा. त्या प्लुरल पाण्यात सुई घालू नका. प्लेटलेट्स खाली असताना केलेलं टॅपिंग हे पाणी असण्यापेक्षा घातक, आणि ते दोन-तीन दिवसांत आपोआप जिरतं.

नोंद आणि मशीन

फाइलमध्ये 'आयव्हीसी ओके' लिहू नका. वेळ, व्हेंटिलेटरवर की नाही, पीप, नॉरॲडचा डोस, व्हीटीआय आधी आणि नंतर, आठ जागांच्या बी-लाइन्स, दिलेलं फ्लुइड. सकाळी ड्यूटी बदलल्यावर दुसऱ्याने त्याच खिडकीतून मोजून तुलना करता आली पाहिजे.

जेलची बाटली मोठ्या कॅनमधून पुन्हा पुन्हा भरून वापरू नका. दूषित जेलमधून बर्कहोल्डेरिया पसरल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. सेंट्रल लाइन किंवा उघड्या जखमेजवळ निर्जंतुक पाऊच फोडा. प्रोब प्रत्येक पेशंटनंतर कंपनीने सांगितलेल्या वाइपने पुसा, साध्या स्पिरिटने काही प्रोबचं रबर तडकतं. आणि मशीन पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदानाला बंदी घालणाऱ्या) कायद्याखाली नोंदलेलं हवं, आयसीयूतलं छोटं पोर्टेबलसुद्धा. नोंदणी ज्या आवाराची आहे त्याबाहेर, मित्राच्या नर्सिंग होममध्ये 'फक्त अर्धा तास' म्हणूनही, ते न्यायचं नाही. गरोदर पेशंटच्या पोटावर प्रोब ठेवला तर फॉर्म एफ (याच कायद्याखालची नोंद) त्याच वेळी भरून टाका.